आधी चोर, मग चोरी

घरफोडीची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत दोन निराळ्या भाषांत छापली जाते. घर फुटले त्या दिवशी 'अज्ञात चोरट्यांनी' कडीकोयंडा तोडून कपाटातील ऐवज लंपास केलेला असतो. पुढे संशयित हाती लागला की तोच अज्ञात इसम एका रात्रीत 'अट्टल' आणि 'सराईत' होतो. त्याच्या मुसक्या आवळल्या जातात, तो जेरबंद होतो आणि त्याच्याकडून आणखी पाच-सात गुन्हे 'उघडकीस' येतात. सोबत छायाचित्र असते. टेबलावर दागिने मांडलेले, मागे अधिकाऱ्यांची रांग, पुढे तोंडावर काळा बुरखा घातलेले दोघे-तिघे. ओळखपरेडीपूर्वी साक्षीदाराला चेहरा दिसू नये म्हणून तो बुरखा. पण छायाचित्राखाली नाव, गाव आणि पुष्कळदा जमातसुद्धा छापलेली असते. ही बातमी येते त्या दिवशी दोषारोपपत्र दाखल झालेले नसते, साक्षीपुरावा तर फार लांबची गोष्ट. बहुधा त्या बुरख्याआडच्या माणसाला वकीलही मिळालेला नसतो.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील आमच्या वाचकांना ही बातमी पाठ आहे. शहरांभोवती नव्या वसाहती वाढल्या, नोकरदार कुटुंबे सुटीत गावी जाऊ लागली, खेड्यांतील घरे ऊसतोडीच्या हंगामात महिनोन्‌महिने कुलपात राहू लागली आणि घरफोड्याही होऊ लागल्या. चोरी झालेल्या घराचे दुःख आम्हांस कमी लेखावयाचे नाही. सोयाबीनचे पैसे हाती आले तेव्हा पोटाला चिमटा घेऊन केलेली बोरमाळ, मुलीच्या लग्नासाठी गाठी मारून ठेवलेली रक्कम, हे एका रात्रीत जाते तेव्हा त्या घरातील बाईच्या डोळ्यांसमोर अंधारी येते. तिला न्याय मिळालाच पाहिजे. परंतु भलताच माणूस शिक्षेला गेला तर तिला काय मिळते? तिची बोरमाळ परत येत नाही, आणि ज्याने ती नेली तो पुढच्या आळीत मोकळा हिंडत असतो. घरफोडीच्या आरोपीला चांगला वकील मिळावा ही मागणी म्हणूनच त्या बाईच्या विरुद्ध जाणारी मागणी नव्हे.

आपल्या पक्षातही या प्रश्नाविषयी एक अवघडलेपण आहे, त्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. सत्याग्रहात पकडलेल्यांसाठी आपण वकिलांची फौज उभी करतो. संपातील कामगारांवर खटले झाले तर निधी गोळा करतो. पण पालावरच्या एखाद्या तरुणाला पहाटे उचलून नेले आणि त्याची आई कार्यकर्त्याच्या दारी आली, तर तो कार्यकर्ता घुटमळतो. 'खरेच त्याने केले असेल तर?' हा एक विचार, आणि 'उद्या गावात लोक म्हणतील, हा चोरांचा पक्ष' हा दुसरा. दुसरा विचार पहिल्याहून जड असतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. आणीबाणीच्या २१ महिन्यांत येरवडा, नाशिक, हर्सूल अशा तुरुंगांत आपल्या चळवळीची माणसे होती. राजबंद्यांना वर्तमानपत्रे मिळत, भेटीला नातेवाईक येत. आणि पलीकडच्या बराकीत वर्षानुवर्षे पडलेले कच्चे कैदी होते, ज्यांच्या तारखा कोणी विचारीत नव्हते. १९७७ मध्ये राजबंदी सुटले. पलीकडची बराक होती तशीच राहिली.

आधी माणूस ठरवावयाचा आणि मग त्याला साजेसा गुन्हा शोधावयाचा, ही रीत या देशात कायद्याने रुजविली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाने जन्म हाच पुरावा मानला. पुढे त्या कायद्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. निजामाच्या राज्यातही या जमातींसाठी निराळा कायदा होता. हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गाव सोडावयाचे नाही, रात्री नोंदवहीतील माणूस जागेवर आहे की नाही हे शिपायाने पाहून जावयाचे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, त्या दिवसाचा आपणांस सार्थ अभिमान आहे. पण देशभरातील या जमातींच्या डोक्यावरचा शिक्का कायद्याने पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी; म्हणून ते 'विमुक्त'. मुंबई राज्याने आपल्यापुरता तो कायदा १९४९ मध्ये रद्द केला होता, आणि १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयी निराळा कायदा केला. जमात गेली, सवय आली. नोंदवहीवरचे नाव तेवढे बदलले.

लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लातूरच्या पांढरपेशा वाचकाने ते पुस्तक कौतुकाने वाचले, व्याख्यानमालांतून त्याची चर्चा झाली. त्या वाचकाच्या घराचे कुलूप तुटले तेव्हा मात्र पोलिसांची गाडी ज्या वस्तीकडे वळली ती कोणती होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

गाडी तिकडे वळावी अशी सोय कायद्यातच आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम १२२ वाचून पाहावे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे हत्यार जवळ बाळगणे हा त्यात गुन्हा आहे. आणि जो 'चोर म्हणून ख्यात' आहे असा इसम रस्त्यात रेंगाळताना आढळला व त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर तोही गुन्हाच आहे. ख्याती कोणी ठरवावयाची? पहार, टिकाव, छिन्नी ही वडाराची रोजची हत्यारे. लोखंड ठोकणाऱ्या घिसाड्याच्या आणि शिकलगाराच्या पालात कानस व पक्कड असणारच. दिवसा ते अवजार, रात्री तेच घरफोडीचे साहित्य. तशीच चांगल्या वर्तणुकीच्या हमीची कलमे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती १०९ व ११० होती, आजच्या नागरिक सुरक्षा संहितेत १२८ व १२९ आहेत. तेथे तर इसम सराईत आहे हे त्याच्याविषयीच्या सार्वत्रिक लौकिकावरूनही सिद्ध करता येते. जातीचा लौकिक गावाला पाठ असताना पुराव्याला तोटा कसला!

आता एका साध्या घरफोडीच्या गुन्ह्याचा प्रवास पाहू. कार्यकर्त्यांनी तो बारकाईने समजून घ्यावा अशी आमची विनंती आहे, कारण बचाव कोठे करता येतो आणि कोठे तो हातचा जातो हे त्यावाचून कळणार नाही.

घरातील चोरीला भारतीय दंड संहितेच्या कलम ३८० खाली जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०५ खाली तीच आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नये, आवश्यकता पटेल तेव्हाच करावी आणि एरवी नोटीस देऊन बोलवावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात घालून दिला. पण घरफोडीच्या फिर्यादीत चोरीच्या कलमाशेजारी दुसरे कलम येतेच : जुने ४५७, आताचे ३३१. रात्री घर फोडून चोरी केली तर त्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दिवसा फोडले तरी १० वर्षांपर्यंत. हे कलम लागले की सात वर्षांची मर्यादा ओलांडली जाते आणि अर्नेश कुमारचे छत्र डोक्यावरून सरकते. कडी तोडली की दार उघडेच होते, हे कोणी पाहिलेले असते काय? ते पंचनाम्यात लिहिलेले असते.

मग कोठडी. आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे उभा केला जातो, तपासासाठी पोलीस कोठडी मागितली जाते, आणि विरोध करण्यास कोणी नसेल तर ती दोन मिनिटांत मिळते. कोठडीत निवेदनाचा पंचनामा होतो. पोलिसांपुढील कबुली पुराव्यात चालत नाही, परंतु त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. पुरावा कायद्याचे कलम २७ ते हेच. साक्ष्य अधिनियमात ते आता कलम २३ मध्ये आले आहे. 'मी माल काढून देतो, माझ्यासोबत चला' या अर्थाची वाक्ये प्रमाण मराठीत लिहिलेली असतात. ज्याच्या तोंडी ती घातलेली असतात तो घरी पारधी बोली बोलत असतो, किंवा कैकाडी, किंवा वडारांची तेलुगूच्या वळणाची भाषा. त्याला ते वाचून दाखविले काय, समजले काय, हे विचारण्याची जागा उलटतपासणी. उलटतपासणीला वकील लागतो. माल सापडला असे लिहिलेली जागा उघडी होती की ताब्यातली, वितळवलेले सोने फिर्यादीच्या बाईचे आहे हे कोणी आणि कशावरून ओळखले, पंच तेच ते नेहमीचे आहेत काय, सराफाने खरेदीची नोंद ठेवली होती काय, हे प्रश्न विचारले गेले की घरफोडीचा पुष्कळ खटला वाऱ्यावर उडतो. विचारलेच गेले नाहीत, तर तोच खटला दगडासारखा पक्का दिसतो.

एका गुन्ह्याची कोठडी संपली की दुसऱ्या पोलीस ठाण्याचे पथक हजर असते. जुने, न उलगडलेले गुन्हे ज्याच्या त्याच्या दप्तरात पडून असतात. हाती लागलेल्या माणसाच्या नावावर ते एकेक चढत जातात. आज नांदेड, परवा मुखेड, नंतर उदगीर, मग सीमेपलीकडे बिदर. पूर्वी एका गुन्ह्यात पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच मिळे. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ ने ते १५ दिवस तुकड्यातुकड्याने, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागण्याची मुभा दिली आहे. न्यायालयीन कोठडीत गेलेला माणूस पुन्हा लॉकअपमध्ये येऊ शकतो. ज्याला मार पडलेला असतो त्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय, हे सांगण्यास कायदेपंडित लागत नाही.

येथे एक हिशेब मांडतो. तो मांडल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही.

रात्रीच्या घरफोडीची कमाल शिक्षा १४ वर्षे. पण हा खटला चालतो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि त्या न्यायालयाला तीन वर्षांहून अधिक कारावास देण्याचा अधिकारच नाही. फार तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे धाडता येते, तेथे मर्यादा सात वर्षांची. म्हणजे व्यवहारात शिक्षा तीनची. जामिनाच्या वेळी मात्र माप १४ चे. प्रदीर्घ काळ खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला तर त्याला सोडावे, इतरांना निम्म्या काळानंतर, असे ते सांगते. हा लाभ जुन्या प्रकरणांतील पहिलटकरांनाही द्यावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, त्याचे स्वागतही झाले. १४ वर्षांचा तिसरा हिस्सा चार वर्षे आठ महिने. ज्या न्यायालयाला तीन वर्षांची शिक्षा देता येते त्याने दया दाखवावयाची ती चार वर्षे आठ महिन्यांनी!

आणि तीही कोणाला? त्याच कलमाचे दुसरे उपकलम म्हणते की, ज्याच्याविरुद्ध एकाहून अधिक अपराधांचा अथवा अनेक प्रकरणांचा तपास किंवा खटला प्रलंबित आहे त्याला या तरतुदीखाली सोडता येणार नाही. शब्दशः वाचले तर घरफोडीच्या प्रत्येक फिर्यादीत दोन अपराध असतातच : घर फोडणे आणि चोरी करणे. शिवाय 'उघडकीस आलेले' पाच गुन्हे आहेतच. श्रीमंताच्या एका मोठ्या अपहाराला एक गुन्हा क्रमांक असतो. गरिबाच्या पाच कुलपांना पाच. ज्यांच्यासाठी दार उघडल्याची द्वाही फिरली, नेमक्या त्यांच्याच तोंडावर ते लागते. न्यायालयांनी या उपकलमाचा अर्थ माणुसकीने लावावा म्हणून भांडावयाचे तर ते भांडण कोणी तरी उच्च न्यायालयात नेले पाहिजे, आणि नांदेड काय किंवा लातूर काय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ अडीचशे किलोमीटरांच्या पुढे आहे.

यातून जो मार्ग निघतो तो सर्वांत घातक. सहा-आठ महिने तुरुंगात काढल्यावर कोणी तरी सुचविते, 'कबूल करून टाक, भोगलेल्या कैदेवर सुटशील.' बाहेर बायको-पोरे उपाशी असतात, जामीनदार मिळत नसतो, तारखेला गार्ड नाही म्हणून हजर केलेले नसते. तो कबूल करतो, शिक्षा भोगून झालेलीच असते, संध्याकाळी सुटतो. त्याला वाटते, सुटलो. प्रत्यक्षात त्या दिवसापासून तो कागदोपत्री शिक्षा झालेला गुन्हेगार ठरतो. पुढच्या वेळी एक-तृतीयांशाची सवलत नाही. पूर्वीच्या शिक्षेमुळे वाढीव शिक्षेचे कलम लागू. तडीपारीच्या प्रस्तावात पहिली ओळ तीच. २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने घेतलेले त्याच्या बोटांचे, डोळ्यांचे माप ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद आहे.  न केलेल्या गुन्ह्याची कबुली हा या व्यवस्थेचा कच्चा माल आहे, आणि तो पुरविण्याचे काम वकिलाचा अभाव करतो.

घराबाहेर घर नसलेल्या माणसाच्या बाबतीत ही यंत्रणा किती दूर जाऊ शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००३ मध्ये नाशिकजवळच्या एका शेतवस्तीवर दरोडा पडला. खून व बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वांना निर्दोष ठरविले. घटनेतून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. १६ वर्षे गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. हे सहा जण जिवंत राहिले म्हणून ही कथा आपल्याला कळली तरी. फाशीची शिक्षा असल्यामुळे त्यांचे प्रकरण वरपर्यंत गेले व पुन्हा उघडता आले. तीन वर्षांच्या घरफोडीच्या शिक्षेसाठी कोण दिल्लीपर्यंत जातो?

कायद्यात बचावाची तरतूद नाही असे मात्र कोणी म्हणू नये. आणि गंमत अशी की त्या तरतुदीचा पाया पुष्कळसा महाराष्ट्रातल्याच खटल्यांनी घातला आहे. मोफत विधी साहाय्याचे अनुच्छेद ३९-अ १९७६ च्या घटनादुरुस्तीने आले, ज्या ४२ व्या घटनादुरुस्तीला आपण एरवी आणीबाणीचे अपत्य म्हणून नावे ठेवतो तिनेच! १९७८ मध्ये 'होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा भाग ठरविला. होस्कोट हे बनावट पदव्यांच्या प्रकरणात शिक्षा झालेले विद्यापीठीय प्रपाठक होते. १९८६ च्या सुक दास खटल्यात सांगितले गेले की आरोपीने वकील मागितला नाही ही सबब चालणार नाही, न्यायालयानेच त्याला हा हक्क सांगितला पाहिजे. आणि २०१२ मध्ये, अजमल कसाबचे अपील फेटाळताना, सर्वोच्च न्यायालयाने असे बजावले की आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभा राहील त्याच वेळी त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगणे आणि वकील देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कसाबला मिळालेला हक्क कंधारच्या वा निलंग्याच्या पालावरच्या माणसाला नाकारला जात असेल, तर दोष कायद्याचा नाही.

विधी सेवा प्राधिकरणांचा १९८७ चा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. अटकेत असलेल्या कोणासही, त्याचे उत्पन्न न पाहता, वकील मोफत मिळतो. गेल्या काही वर्षांत 'लोक अभिरक्षक' ही नवी व्यवस्था आली आहे : पूर्णवेळ, पगारी बचाव वकील, ज्यांना खाजगी काम करता येत नाही. सरकारी वकील असतो तसा सरकारी बचाव वकील, ही कल्पना समाजवाद्यांनी फार पूर्वी मांडावयास हवी होती. तिच्यावर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे. माणसे थोडी, प्रकरणे डोंगराएवढी. बहुतेकांची नेमणूक कराराची, आणि बसण्याची जागा जिल्ह्याच्या गावी. किनवटच्या दंडाधिकाऱ्यापुढे भर दुपारी कोठडीचा अर्ज निघतो तेव्हा नांदेडचा अभिरक्षक तेथे पोहोचलेला असेलच असे नाही. पण व्यवस्था अपुरी आहे म्हणून ती दुसऱ्यांच्या हाती सोडून देणे शहाणपणाचे नाही. ती मागून घ्यावी लागेल, तिच्यासाठी तालुक्या-तालुक्यांत आंदोलन करावे लागेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी 'सुकन्या शांथा विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरविले. मुंबईच्या एका महिला पत्रकाराच्या चिकाटीचे ते फळ. त्या निर्णयात विमुक्त जमातींविषयी स्वतंत्र विवेचन आहे : सवयीचा गुन्हेगार म्हणजे कोण, हे तुरुंगाधिकाऱ्याच्या वा पोलिसाच्या मनावर नव्हे तर कायद्याच्या व्याख्येवर ठरेल, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी पोलिसांनी घ्यावी. त्याच वर्षी मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले होते की, वंचित समाजात जन्मला एवढ्यावरून कोणाचे नाव पोलिसांच्या गुन्हेगार-नोंदीत यांत्रिकपणे चढता कामा नये. हे दोन निर्णय मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला नेऊन देणे, हे काम आपल्या शाखांनी या महिन्यातच करावे. पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर टपालाने पाठवावे.

राहता राहिला जामीनदार. मराठवाड्यातील अनुभव असा की जामीन मंजूर होतो आणि माणूस आतच राहतो, कारण ऐपतीचा जामीनदार नाही. पालावर राहणाऱ्याला सातबारा कोठला? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागण्यात आला आणि त्याचा भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या दंडाधिकाऱ्याची कानउघाडणी करून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडले. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशानुसार जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावयाचे असते, आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. परंतु कैद्याच्या बाजूने अर्ज कोणी करावयाचा हा प्रश्न या प्रत्येक आदेशाच्या शेवटी उभा राहतोच.

आपल्या शाखांत दोन-तीन एकरांचे मालक, पेन्शनवरचे शिक्षक, घरपट्टीची पावती असलेले दुकानदार आहेत. त्यांच्यापैकी किती जण एखाद्या पारध्याला जामीन राहतील? 'पळून गेला तर?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला आमचे उत्तर असे की जामीनदाराने पालावर जावे, त्याची बायको-मुले पाहावीत, तारखेच्या आदल्या दिवशी निरोप धाडावा. ज्याला कोणी तरी आपले म्हणून तारखेची आठवण करून देते तो सहसा पळत नाही. एखादा पळेलही. तेवढी झळ सोसण्याची तयारी हवी. आणि त्याने खरोखरच घर फोडले असेल तर? तर त्या एका घरफोडीची शिक्षा त्याला व्हावी, इतर चार घरे त्याच्या नावावर चढू नयेत. यासाठीही वकील लागतोच.

नांदेड आणि लातूर जिल्हा शाखांना आमची सूचना अशी. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयासाठी दोन कार्यकर्ते नेमावेत. अटकेची वार्ता कळताच त्यांनी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : माणसाला घरातून प्रत्यक्ष केव्हा नेले, कागदावर अटकेची वेळ कोणती, आणि अंगावर खुणा आहेत काय. २४ तासांचा हिशेब पहिल्या दोहोंतून निघतो. तिसरी गोष्ट दंडाधिकाऱ्याला त्याच दिवशी सांगावयाची असते, पुढच्या तारखेला खुणा राहत नाहीत. कोठडी मागितली जाते ती बहुधा दुपारच्या सत्रात, तेव्हा सकाळीच लोक अभिरक्षकाच्या कार्यालयात दूरध्वनी करावा आणि न्यायालयात लेखी अर्ज द्यावा की आरोपीला वकील नाही. दोषारोपपत्राची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. जुन्या कायद्यात घरफोडीसाठी ती ६० दिवसांची होती. नव्या संहितेच्या बदललेल्या शब्दांमुळे ६० की ९० असा वाद घातला जाईल, म्हणून एकसष्टाव्या दिवशी सकाळी न्यायालय उघडताच अर्ज तयार हवा. दोषारोपपत्र आधी दाखल झाले तर तो हक्क बुडतो. आणि कोणी आरोपी कबुली देण्यास निघाला असेल, तर त्या कबुलीने पुढे काय काय होते हे वकिलाने त्याच्या बोलीत सांगितल्याशिवाय तारीख पुढे जाऊ देऊ नये; दुभाषा म्हणून त्याच्याच जमातीतील शिकलेला मुलगा वा मुलगी सोबत न्यावी. जामीनदारांची यादी, त्यांच्या सातबाऱ्याचे व घरपट्टीचे ताजे उतारे, दोन-दोन छायाचित्रे आणि आधारपत्राच्या प्रती शाखेच्या कपाटात एका जागी असाव्यात. उतारा जुना म्हणून जामीन नाकारला जातो आणि माणूस शनिवार-रविवार आत राहतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी ते बदलावेत.